तोफ, खांदा आणि एफडी

"ताई, ती पांढरी तोफ केवढ्याला पडते हो?"

विचारण्याआधी वहिनींनी मागे वळून खात्री करून घेतली. भाऊ आत पेपर वाचत होते. माझी कपडे वाळत घालायची आणि त्यांची कढीपत्ता तोडायची वेळ एकच, त्यामुळे दोन्ही घरांचे बरेचसे निर्णय या कंपाउंडच्या भिंतीवरच होतात.

"कुठली तोफ?"

"कोपऱ्यावरचे काका तळजाईला घेऊन जातात ती. आमचे हे त्यांच्या मागेमागे फिरून आले आणि परवापासून घोषा लावलाय. डिसेंबरात रिटायर झाले, जानेवारीत दुर्बीण आली, आता कॅमेरा. फुलफ्रेमच हवा म्हणतात. एफडी मोडायची भाषा चाललीये."

"अहो, काकांची ती ६०० एमएमची एफ/४ लेन्स आहे. नुसती लेन्स, कॅमेरा वेगळा. नवी घ्यायला गेलात तर दहा लाखांच्या पुढे."

वहिनींचा हात फांदीवरच राहिला. "दहा? पण काकू तर म्हणत होत्या, कुणाची तरी जुनी होती, स्वस्तात मिळाली."

"काकूंना तसंच सांगितलंय."

"अगं बाई!"

पुढची दहा मिनिटं काकूंचा विषय चालला, तो इथे देत नाही. तो संपल्यावर वहिनी मुद्द्यावर आल्या. "आमचं बजेट दीड लाख. सगळं धरून. वर दमडी नाही. कॅमेरा कुठला घ्यायचा तेवढं सांगा, म्हणजे मी ह्यांना माझ्या डोक्यातून आल्यासारखं सांगते."

"कॅमेरा नंतर, वहिनी. आधी लेन्स."

"आं? मुलगी बघायच्या आधी मंगळसूत्र?"

"दोन नंबरवाल्यांचं काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. दोन नंबरवाल्यांनी दिवाळीत हप्त्यांवर फुलफ्रेम बॉडी घेतली, सगळे पैसे तिच्यातच गेले, आणि लेन्स राहिली सोबत आलेली २४-१०५. मग सोसायटीच्या ग्रुपवर पाषाण तलावाचा एक फोटो पडला आणि खाली ओळ, 'फोटोत खंड्या आहे'. बऱ्याच जणांनी तो मोठा करकरून पाहिला. पाणी छान आलं होतं. आता त्या कॅमेऱ्यावर नातवाचे वाढदिवस निघतात आणि हप्ता अजून चालू आहे.

"पण मग फुलफ्रेममध्ये पक्षी मोठा नाही का दिसत? ह्यांना काकांनी सांगितलंय, सेन्सर मोठा तेवढं चांगलं."

तेवढ्यात त्यांच्याच जास्वंदीवर शिंजीर उतरला. फेब्रुवारी म्हणजे नर ऐन रंगात. उन्हात मान वळली की गळ्यावर निळा-जांभळा उजेड पडतो, फुलाआड गेला की नुसता काळा. एका ठिकाणी बसायचं नाव नाही. बाक काढलेली चोच फुलाच्या बुडाशी खुपसायची, शेपटी झटकायची, पुढचं फूल. मी खिशातलं दुधाचं बिल उलटं केलं आणि पेन काढलं.

"हा चोचीपासून शेपटीपर्यंत धरा दहा सेंटिमीटर. आपल्यापासून धरा दहा मीटर. लेन्स ४००ची. तर आत सेन्सरवर ह्याचं चित्र पडणार चार मिलिमीटरचं. लेन्स पाडते ते चित्र, मागे कुठला सेन्सर आहे ह्याच्याशी तिला देणंघेणं नाही. फुलफ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. क्रॉप सेन्सर, म्हणजे एपीएस-सी, कॅननचा साधारण २२ आणि निकॉन-सोनीचा साडेतेवीस. कुठेही टाका, शिंजीर चारच मिलिमीटर. आता चोवीस मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर त्या चार मिलिमीटरच्या वाट्याला येतात पावणेसातशेच्या आसपास पिक्सेल. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या कॅनन क्रॉपवर येतात हजाराच्या वर."

वहिनी गणिताच्या बाबतीत पक्क्या. बिल हातात घेऊन त्यांनी एकदा तपासलं. "म्हणजे जास्त पैसे देऊन शिंजीर तेवढाच, आणि भोवतीची जास्वंद जास्त."

"अगदी."

"हा कागद मी ठेवून घेते."

फुलफ्रेम वाईट असं मला म्हणायचं नव्हतं. पक्षी चौकटभर येण्याइतकी लांब लेन्स असेल, तर अंधुक उजेडात मोठा सेन्सर उजवा ठरतोच. पण तेवढी लेन्स म्हणजे पुन्हा काकांची तोफ. दीड लाखवाल्यानं क्रॉप सेन्सरला नाक मुरडू नये. पक्ष्यांच्या फोटोत तो कमीपणा नाही, उलट सोय आहे.

"बरं, लेन्स आधी. मग कॅमेरा कुठलाही चालेल?"

"नाही हो. माउंट म्हणजे सासर आहे. कॅनन घेतला की कॅननच्या लेन्सेस, निकॉन घेतला की निकॉनच्या. दुसऱ्या घरची लेन्स तिथे नांदत नाही. म्हणून परवडणारी लांब लेन्स कुठल्या घरात आहे ते आधी बघायचं आणि मग त्या घरची बॉडी. डीएसएलआरच्या काळात हे सोपं होतं. निकॉनची २००-५०० एफ/५.६ आली २०१५ साली, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० दोन्ही घरांच्या माउंटला मिळायच्याच. भिगवणला होडीत बसलात तर निम्म्या लोकांच्या हातात यातलीच एखादी दिसायची."

"आता नाही दिसत?"

"दिसतात की. पण कॅनन आणि निकॉननं २०२० नंतर डीएसएलआरकडे पाठच फिरवलीये, सगळं नवं मिररलेसमध्ये. त्यामुळे हौशी मंडळी जुनं विकून तिकडे पळताहेत आणि जुना माल बाजारात आलाय. त्यात दोन बॉड्या अशा आहेत की एकेकाळी पक्षीवाले त्यांच्यावर जीव टाकायचे. कॅननची सेव्हन डी मार्क टू, २०१४ची. आणि निकॉनची डी ५००, २०१६ची. दोन्ही क्रॉप सेन्सर, दोन्ही सेकंदाला दहा फोटो काढतात."

"दहा कशाला? एक नीट काढावा."

काढावा. पण खंड्या फांदीवरून सुटतो, पाण्यात शिरतो आणि मासा घेऊन वर येतो, त्यात आपल्याला हवी ती एकच मान वळलेली असते, आणि ती कुठल्या क्षणी वळणार हे खंड्याही सांगू शकत नाही. म्हणून बॉडी बघायची ती आधी फोकससाठी. उडता पक्षी धरून ठेवते का, की मागच्या बाभळीवर जाऊन बसते? डी ५००मध्ये १५३ फोकस पॉइंट आहेत आणि ते जवळजवळ चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत पसरलेत, त्यामुळे पक्षी कोपऱ्यात गेला तरी सुटत नाही. दुसरं, बफर. कॅमेरा घाईघाईत काढलेले फोटो आधी पोटात ठेवतो आणि मग सावकाश कार्डावर उतरवतो. पोट लहान असेल तर ऐन वेळी शटर अडतं. स्वस्त बॉड्यांची काटकसर नेमकी इथे झालेली असते, आणि दुकानातला माणूस मेगापिक्सेल सांगेल पण हे कधी सांगणार नाही. डी ५०० वेगवान कार्डावर सलग दोनशे रॉ फाइली घेते. मात्र ते कार्ड एक्सक्यूडी जातीचं, साध्या एसडीपेक्षा बरंच महाग. सौदा करताना विकणाऱ्याकडून कार्ड सोबत मागून घ्यावं, ते नसेल तर किंमत पाडावी.

"वापरलेला कॅमेरा!" वहिनींनी नाक मुरडलंच. "वापरलेली वस्तू घरात आणायला आपण काय..."

"तुमचा मिक्सर कुणाचा आहे?"

"तो वन्संचा. घरातल्यांचं वापरलेलं वेगळं."

असो. जुनं घेताना काय बघायचं ते मी त्यांना सांगितलं, कारण भाऊ ते बघणार नाहीत, त्या बघतील. शटर काउंट विचारायचा. निकॉनचा आकडा ताज्या जेपीजी फोटोच्या माहितीत असतो, कॅननचा असा सहज कळत नाही, त्याला सॉफ्टवेअर लागतं. डी ५०० आणि सेव्हन डी मार्क टू दोन्हींचं शटर दोन लाख वेळा उघडझाप होईपर्यंत तपासलेलं असतं, त्यामुळे पन्नास-साठ हजाराला घाबरायचं कारण नाही. मग एफ/१६ला ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. कार्डाच्या खाचेत डोकावून पाहायचं. सेव्हन डीच्या सीएफ खाचेतली एखादी पिन वाकलेली असेल तर हात जोडून परत यायचं. बाहेर रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या स्कूटरवर फोकस धरायचा आणि सलग फोटो काढायचे, कारण टेबलावरच्या फुलदाणीवर कुठलाही कॅमेरा फोकस करतो. आणि लेन्समधून टॉर्च मारायचा.

"टॉर्च?"

"बुरशी. मुंबई-कोकणातून आलेली लेन्स असेल तर आधी टॉर्च, मग चहा. काचेत आत पांढरे धागे फुटलेले दिसतात. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्स कपाटात कपड्यांबरोबर ठेवली की झालंच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची, आणि जेल वेळच्या वेळी गरम करून वाळवायचं."

"ते माझ्याकडेच येणार," वहिनी म्हणाल्या. येणारच होतं.

एवढं बोलणं झाल्यावर मी आत जाऊन माझा डी ७२०० घेऊन आले, २००-५०० लावलेला. भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. "धरा. डोळ्याला लावा. शिंजीर शोधा."

वहिनींनी धरला. डोळ्याला लावला. थोड्या वेळानं डावा कोपर भिंतीवर टेकला, मग उजवाही. "दिसत काहीच नाही. नुसती पानं. किती किलो आहे हो हे?"

"तीन, थोडं वरच. डी ५००ला लावलीत तर अजून शंभरेक ग्रॅम."

वहिनींनी कॅमेरा खाली घेतला, भिंतीवर ठेवला आणि एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचा उजवा खांदा. फ्रोझन शोल्डर. मंगळवार-शुक्रवार फिजिओथेरपी चालू आहे. शर्टाची बाही मी घालून देते आणि हे काकांसारखी तोफ घेऊन फिरणार?"

भाऊंच्या खांद्याचं मला ठाऊक नव्हतं. पण ते कळलं आणि सगळा हिशेबच बदलला. बजेट पैशांचं असतं तसंच किलोचंही असतं, आणि साठीनंतर हे दुसरं आधी संपतं. ट्रायपॉड लावून बसता येतं, पण तळजाईच्या झाडीत पाखरं डोक्यावर आणि पाठीमागे, तिथे ट्रायपॉड उघडेपर्यंत नाचरा दुसऱ्या झुडपात गेलेला असतो.

"मग हे सगळं रद्द," मी म्हटलं. "कॅननचा आर १०. मिररलेस, २०२२चा, चोवीस मेगापिक्सेल. बॅटरी-कार्डासकट सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. त्याला आरएफ १००-४००. ती ६३५ ग्रॅम. दोन्ही मिळून एक किलोच्या जरा वर. नवं, बिलासकट, वॉरंटीसकट. सौदा नीट केलात, सणाच्या सुमाराची सूट गाठलीत तर दीड लाखात बसावं."

"नवं!" वहिनींचा चेहरा खुलला. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कारण तुम्ही खांदा आधी नाही सांगितलात."

या जोडीचं मला खरोखर कौतुक वाटतं, आणि कारण वजन एवढंच नाही. ह्या कॅमेऱ्याला पक्षी ओळखता येतो. चौकटीत पाखरू आलं की त्याच्या डोळ्यावर चौकोन जाऊन बसतो आणि पाखरू हललं की सोबत हलतो. नवशिक्याचे निम्मे फोटो वाया जातात ते फोकस डोळ्याऐवजी छातीवर किंवा फांदीवर गेल्यामुळे. जुन्या डी ५००मध्ये हे काम आपल्या अंगठ्यानं करावं लागायचं. मात्र इथे एक फसगत असते. 'प्राण्यांचा डोळा ओळखतो' असं लिहिलेला प्रत्येक कॅमेरा पक्षी ओळखत नाही. निकॉनचा २०१९चा झेड ५० कुत्र्या-मांजरांपुरताच. २०२४ अखेरचा झेड ५० टू मात्र पक्षी ओळखतो, चांगला ओळखतो, पण निकॉनच्या मिररलेस घरात हलकी आणि परवडणारी ४००ची लेन्स नाही. अडाप्टर लावून जुनी २००-५०० चालते, म्हणजे पुन्हा तो खांदा. सोनीचा ए ६७०० आणि ७०-३५० हलकी आणि उत्तम, पण तिथे दीड लाख पुरत नाहीत.

"खोट काय आहे ते सांगा," वहिनी म्हणाल्या. भाजीवाल्याला विचारतात त्याच आवाजात.

खोट आहे. ही लेन्स ४००ला एफ/८ होते, म्हणजे निकॉनच्या एफ/५.६च्या मानानं निम्माच उजेड आत येतो. भिगवणला जानेवारीत सकाळी सातला पाण्यावर धुकं असतं, त्या वेळी उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचं शटर द्यायचं म्हटलं की आयएसओ चढतच जातो आणि फोटोत रवा दिसायला लागतो. २०२३पासून लाइटरूममध्ये तो रवा काढायची सोय आलीये आणि ती खरंच काम करते, पण संगणक जरा दमदार लागतो. दुसरं, आर १०चं पोट लहान. पूर्ण वेगात, म्हणजे सेकंदाला पंधरा, रॉ काढत सुटलात तर दोनेक सेकंदांत भरतं. तेव्हा बटण दाबून धरायचं नाही, टिचक्या मारायच्या. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं तर बसलेल्या पक्ष्याला ठीक, उडत्या पक्ष्याचे पंख मेणाचे असल्यासारखे वाकडे येतात. आणि बॉडी काय, लेन्स काय, दोन्ही पावसाला भिणाऱ्या.

"दाट बाभळीत?"

वहिनी कधी गेल्या होत्या बाभळीत, देव जाणे. पण प्रश्न बरोबर होता. काटक्यांच्या जाळीमागे पिंगळा बसला असेल तर तो शहाणा चौकोन गोंधळतो, तेव्हा त्याला बंद करून मधला एक पॉइंट लावायचा आणि आपणच निशाण साधायचं.

"आणि ते एकातच सगळं असतं ते? माझ्या भाचीकडे आहे. ह्या टोकाचं त्या टोकाला दिसतं."

निकॉनचा पी ९०० तो. ८३ पट झूम, २००० एमएमपर्यंत. पाण्यापलीकडचा पक्षी कुठला ते ओळखायला झकास, उडता पक्षी धरायला निरुपयोगी, आणि सेन्सर नखाएवढा. यादी करणाऱ्याला तो पुरतो. भाऊंना भिंतीवर लावायला फोटो हवेत.

"माझ्या पाठीमागे काय शिजतंय?" भाऊ पेपर घेऊनच बाहेर आले.

वहिनींनी आर १० आणि १००-४००चं सांगून टाकलं आणि दुधाचं बिल पुढे केलं. भाऊंनी ते चष्मा वर करून वाचलं, दोनदा वाचलं. "पण फुलफ्रेमलाही हीच १००-४०० लावता येते की. काका म्हणाले."

"येते. मग शिंजीर पावणेसातशे," वहिनी म्हणाल्या. मला तोंड उघडावं लागलं नाही.

"चोवीसच मेगापिक्सेल? माझ्या मोबाईलला दोनशे आहेत."

"मोबाईलवर काढा मग ह्या जास्वंदीवरचा शिंजीर," मी म्हटलं. भाऊंनी खरंच काढला. शिंजीर होता, मी शपथेवर सांगते, पण दाखवायला बोट लावावं लागलं.

"ते काही नाही," भाऊ म्हणाले, "काका म्हणतात, एकदाच काय ते मोठं घ्यावं. पुन्हा पुन्हा कोण बदलणार?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. बॉडी बदलतेच, भाऊ. काकांनीच आजवर किती बदलल्या ते काकूंना विचारा, नाही, नको, विचारू नका. दर तीन-चार वर्षांनी नवी येते आणि जुनीची किंमत पडते. लेन्स मात्र टिकते आणि किंमतही बऱ्यापैकी धरून ठेवते. मोठंच घ्यायचं असेल तर पुढे कधी तरी लेन्स मोठी घ्या. अडाप्टर लावला की आर १०ला कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सेस चालतात. त्यातली ४०० एफ/५.६ तर १९९३ची आहे, सव्वा किलोची, स्टॅबिलायझर नाही, तरी उडत्या पक्ष्यांसाठी लोक अजून शोधत फिरतात.

"खांदा तोवर बरा होईल," भाऊ म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटी मी सुचवलं की भांडू नका, भाड्यानं आणा. पुण्यात कॅमेरे आणि लेन्सेस दिवसाच्या भाड्यानं मिळतात. शनिवार-रविवार दोन्ही आणा, आर १० आणि १००-४०० एका गळ्यात, डी ५०० आणि २००-५०० दुसऱ्या. भिगवणचा हंगाम मार्चपर्यंत आहे. पहाटे निघून कुंभारगावात होडी धरा, पाण्यावरून कुरव उठतील तेव्हा दोन्ही कॅमेरे आलटून पालटून वापरा. रोहित दूरच असले तर होडीवाल्याला जवळ घे म्हणू नका, तो घेतोही, आणि सगळा थवा उठतो. घरी येऊन दोन्हींतले फोटो मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. जे ठरेल ते ठरेल.

"आणि घरट्याचे फोटो नाही काढायचे," वहिनी मध्येच म्हणाल्या. मीटरच्या पेटीवरच्या वायरला शिंजीरची मादी कापूस-जाळं आणून लावायला लागली आहे, आणि भाऊ सकाळपासून त्या पेटीभोवती घुटमळत होते हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

"मी फक्त बघत होतो."

"बघा. लांबून. दुर्बीण घेतलीये ना जानेवारीत?"

भाऊंनी विषय बदलला. "भिगवणला जायचं तर गाडी लागेल. मासेही तिथे चांगले मिळतात म्हणे."

"मी येणार आहे," वहिनी म्हणाल्या. "मोठा कॅमेरा तुम्ही धरायचा, छोटा मी. दर अर्ध्या तासानं खांदा कसा आहे ते विचारीन, आणि खरं सांगायचं."

"आणि भाड्याचं डिपॉझिट?"

"ते तुमच्या पेन्शनमधून. एफडीला हात लागणार नाही."